गाडी कधी सोडायची? गगनबावडा रस्त्यावरची सायकल शर्यत आणि मार्शलची तयारी

जानेवारीतला रविवार, सकाळचे आठ वाजत आलेले. कोल्हापूर–गगनबावडा रस्त्याला मिळणाऱ्या एका गावरस्त्याच्या तोंडाशी उसाचा ट्रॅक्टर थांबलेला, मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या. शर्यतीतले आघाडीचे चार सायकलपटू परतीच्या वाटेवर त्याच्या समोरून सुसाट गेले. फाट्यावरच्या स्वयंसेवकाने लाल झेंडा खाली घेतला आणि ट्रॅक्टरवाल्याला हाताने 'चला' म्हणून खुणावलं. सत्तर सेकंदांनी मुख्य घोळका तिथून गेला आणि पुढे अडीचशे मीटरवर त्याच ट्रॉलीच्या मागे जाऊन अडकला. पुढचे उजवीकडे वळले, मधल्यांनी ब्रेक दाबले, दोघे पडले. एकाचा कॉलरबोन मोडला. समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल येत होती. ती वेळेवर थांबली म्हणून प्रकरण तेवढ्यावर भागलं.

शर्यतीचं, आयोजकांचं किंवा त्या स्वयंसेवकाचं नाव इथे दिलेलं नाही. चूक त्या मुलाची नव्हती. त्याला जे शिकवलं होतं, ते त्याने बिनचूक केलं होतं: 'सायकली आल्या की गाड्या थांबवायच्या, सायकली गेल्या की सोडायच्या.' खोट या वाक्यातच होती. सायकली 'गेल्या' म्हणजे कोण गेलं आणि मागे कोण उरलं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मार्ग सरळ होता. बालिंग्याचा भोगावतीवरचा पूल ओलांडल्यावर सुरुवात, कळ्याच्या अलीकडे वळण, त्याच रस्त्याने परत. एका बाजूला १५ किलोमीटर, एकूण ३०. हा पट्टा करवीर आणि पन्हाळा अशा दोन तालुक्यांत येतो, म्हणजे पोलीस ठाणीही दोन, करवीर आणि कळे. अर्ज दोन्हीकडे गेला होता, मोठ्या फाट्यांवर पोलीस मिळाले होते. ज्या गावरस्त्यावर घोटाळा झाला, तिथे मात्र एकटा स्वयंसेवक होता.

सत्तर सेकंदांचा हिशेब

घोळका ताशी ४० किलोमीटरने चालला की सेकंदाला ११ मीटर कापतो. सत्तर सेकंद मागे म्हणजे सुमारे पाऊण किलोमीटर मागे, वळणापलीकडे, नजरेबाहेर. झेंडा खाली आला तेव्हा आघाडी जाऊन दहा सेकंद झाले होते. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरला गावरस्त्यातून बाहेर पडून सरळ व्हायला पंचवीस सेकंद लागले. उरले पस्तीस. ताशी १५ किलोमीटरने तेवढ्या वेळात तो जेमतेम दीडशे मीटर पुढे गेला. फाट्यावरून घोळका त्याच्या मागे लागला तो त्याच्यापेक्षा ताशी २५ किलोमीटर जास्त वेगाने. एकवीस सेकंदांत गाठ पडली.

पुढच्या दोन-तीन जणांना ट्रॉली दिसली होती. विसाव्या सायकलवाल्याला समोर फक्त पाठी दिसतात. त्यात परतीचा रस्ता पूर्वेकडे जातो आणि जानेवारीत आठच्या सुमाराला सूर्य नेमका डोळ्यांसमोर, हातभर वर असतो. रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्या आणि दवाने भिजलेलं पाचट. अरुंद टायर कांडीवर गेला की ती गोल फिरते आणि चाक बाजूला निसटतं. पडलेल्यांपैकी एकजण ब्रेकमुळे पडला, दुसरा कांडीमुळे.

शर्यत लांबली की अंतर किती पसरतं, हेही आयोजकांनी मांडून पाहिलं नव्हतं. आघाडी ४० ने आणि शेवटचा सायकलपटू २८ ने चालला, तर वळणावर पहिला साडेबावीस मिनिटांनी पोचतो आणि शेवटचा बत्तीस मिनिटांनी. शेवटच्या रेषेवर हेच अंतर एकोणीस मिनिटं होतं. एकोणीस मिनिटं उसाची गाडी रोखून धरणं कुणालाही शक्य नाही आणि ते न्याय्यही नाही. शिवाय याच हिशेबाने वळणाच्या अलीकडच्या साधारण पावणेतीन किलोमीटरमध्ये जाणारे आणि येणारे सायकलपटू एकाच वेळी रस्त्यावर असतात. त्या पट्ट्यातल्या मार्शलला, म्हणजे फाट्यावर वाहतूक सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला, दोन्ही बाजूंनी शर्यत सांभाळावी लागते. तिथेही त्या दिवशी प्रत्येक ठिकाणी एकेकच माणूस उभा होता.

रस्त्याची पाहणी चुकीच्या वेळी

फाटे मोजायला दोघे बुधवारी दुपारी मोटरसायकलवरून गेले होते. त्यांना रस्ता मोकळा वाटला. रविवारी पहाटे तिथे काय असतं? रात्रभर भरलेले ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावायला निघालेले असतात, टायरच्या बैलगाड्या कडेने चाललेल्या असतात, दूध संकलनाचे टेम्पो आणि कॅन लावलेल्या मोटरसायकली गावागावांतून बाहेर पडत असतात आणि गगनबावड्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या सात वाजल्यापासून सुरू होतात. पाहणी शर्यतीच्याच वारी, त्याच तासाला आणि गळीत हंगाम चालू असतानाच झाली पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च या काळात या रस्त्याची चालच वेगळी असते.

अपघातानंतर केलेल्या नव्या पाहणीत प्रत्येक फाट्यावर दहा मिनिटं थांबून नोंद केली: कोणतं वाहन, किती, कुठून कुठे, आणि वळताना मुख्य रस्ता किती अडतो. त्यावरून जागांचे चार प्रकार पाडले. मोठा फाटा: पोलीस आणि दोन मार्शल. उसाची वाहतूक असलेला गावरस्ता: दोन मार्शल, त्यातला एक त्याच गावचा. साधा गावरस्ता: एक मार्शल. शेताची पाणंद: मार्शल नाही, पण त्या शेतात ऊसतोड चालू असेल तर टोळीच्या मुकादमाला आदल्या दिवशी निरोप.

'त्यातला एक त्याच गावचा' ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची दुरुस्ती. पहिल्या वेळी सगळे स्वयंसेवक शहरातले कॉलेजचे विद्यार्थी होते. उत्साह भरपूर, पण ट्रॅक्टरवाल्याला का थांबता येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. ड्रायव्हरचा जीव काट्यावरच्या नंबरात अडकलेला असतो. दहा मिनिटं उशीर झाला तर पुढे पाच गाड्या घुसतात आणि गव्हाणीवर, म्हणजे कारखान्यात ऊस टाकतात तिथे, खाली व्हायला दोन तास जास्त लागतात. गावच्या तालमीतल्या पोराला हे न सांगता कळतं, आणि ड्रायव्हर त्याला नावाने ओळखतो. शहरातले पाच मार्शल आणि गावचा एक यांत निवड करायची झाली तर गावचा एक घ्यावा.

कारखान्याच्या शेतकी विभागाशी दहा दिवस आधी बोलणं झालं. मागणी नेमकी होती: सव्वासात ते पावणेनऊ या वेळेत या पट्ट्यातल्या तोडीच्या गाड्या फडातून सोडू नयेत आणि ज्या थांबतील त्यांचा नंबर जाऊ नये. चिटबॉयमार्फत, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसामार्फत, हा निरोप टोळ्यांपर्यंत गेला. यातून सगळ्या गाड्या थांबल्या नाहीत, पण संख्या निम्म्यावर आली. फाट्यावर झेंडा हलवून जे साधत नाही, ते इथे चहाच्या एका बैठकीत साधतं.

मार्शलचा अधिकार किती?

प्रशिक्षणात ही गोष्ट सगळ्यात आधी सांगावी लागते. आपल्याकडे रस्त्यावरची गाडी थांबवण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाचा आहे. मार्शल विनंती करतो. ब्रिटनमध्ये ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या आणि पोलिसांची मान्यता मिळालेल्या मार्शलला सायकल शर्यतीसाठी वाहतूक थांबवता येते. फ्रान्समध्ये अशा स्वयंसेवकाला सज्ञान असणं आणि वाहन परवाना असणं बंधनकारक आहे आणि त्याच्या हातात एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी अशी गोल पाटी असते. ते व्हिडिओ पाहून आलेली मुलं इथे तोच आव आणतात आणि वादाला तोंड फुटतं. फ्रान्सची एक अट मात्र उचलण्यासारखी आहे: परवाना नसलेल्याला मार्शल करू नये. ज्याने स्वतः स्टिअरिंग धरलेलं नाही, त्याला समोरचा ड्रायव्हर काय पाहतो आहे याचा अंदाज येत नाही.

म्हणून पहिला नियम: गाडी सुटली तर सुटू दे, सायकलवाल्याला सांग. गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही, किल्लीला हात घालायचा नाही, दोरी आडवी धरायची नाही, बॉनेटवर थाप मारायची नाही. गाडी थांबली नाही तर लगेच शर्यतीकडे वळायचं, शिट्टी आणि पिवळा झेंडा, आणि फोनवर पुढच्या माणसाला 'ट्रॅक्टर आत आला, कोल्हापूरच्या दिशेने'. एवढं झालं तर घोळका वेळेवर वेग कमी करतो.

लाल झेंडे मार्शलकडून काढून घेतले. शर्यतीच्या रूढ पद्धतीत लाल झेंडा पुढच्या गाडीवर असतो, म्हणजे 'शर्यत येते आहे', आणि हिरवा शेवटच्या गाडीवर, म्हणजे 'शर्यत संपली'. सायकलपटूला धोका दाखवायला पिवळा. तिन्हींचे अर्थ वेगळे, हात वेगळे. मार्शलच्या हातात फक्त पिवळा.

उभं कुठे राहायचं, बोलायचं काय

गाडी चालती असेपर्यंत रस्त्याच्या कडेला, ड्रायव्हरला दिसेल असं. तळहात उघडा, खांद्याच्या वर. ती पूर्ण थांबली की मगच ड्रायव्हरच्या बाजूला जायचं. शिट्टी ट्रॅक्टरवाल्यासाठी नाही, कारण टपावर गाणी जोरात वाजत असतात आणि त्याला ती ऐकू येत नाही. ताशी ६० ने येणारी चारचाकी ड्रायव्हरने पाहिल्यापासून थांबेपर्यंत पन्नास-पंचावन्न मीटर घेते, म्हणून पहिला शंकू फाट्यापासून शंभर मीटर आधी ठेवायचा. भरलेल्या दोन ट्रॉल्यांना उतारावर त्याहून जास्त जागा लागते आणि चढावर थांबलेला ट्रॅक्टर पुन्हा उचलत नाही. तेव्हा चढावरच्या ट्रॅक्टरला चढ संपल्यावरच थांबवायचं, नाहीतर आधी सपाटीवर.

बैलगाडीचं वेगळं आहे. बैलांच्या डोळ्यांसमोर झेंडा फडफडला की जोडी बिथरते. झेंडा काठीला गुंडाळायचा, शिट्टी तोंडातून काढायची, बाजूने चालत गाडीवानाशी हळू बोलायचं आणि गाडी डांबराच्या खाली, कडेला उतरवून घ्यायची. उभ्या बैलांजवळून सायकली जाताना गाडीवानाने कासरा धरलेला असला पाहिजे.

बोलण्याची वाक्यं पाठ करून घेतली. लांब समजावण्याला तिथे वेळ नसतो.

"मामा, रामराम. सायकलची शर्यत हाय. हिरव्या झेंड्याची गाडी गेली की लगेच सोडतो."

"किती वेळ?"

"सात मिनिटं. घड्याळ बघा माझं."

मिनिटं नेहमी खरी सांगायची. 'आत्ता सोडतो' म्हणून पंधरा मिनिटं उभं केलेला ड्रायव्हर पुढच्या वर्षी थांबत नाही, आणि गावात सांगतोही. दुचाकीवर मागे बाई-मूल असेल तर 'मावशी, सावलीत उतरा जरा' एवढं म्हटलं तरी काम होतं. दवाखान्यात निघालेली गाडी कधीही अडवायची नाही. रुग्णवाहिका असो वा कुणाचा टेम्पो, आधी तिला वाट, आणि फोन पुढे: शर्यत हळू करा.

सोडण्याचा तक्ता

प्रशिक्षणाचा गाभा हाच. थांबवणं एका सकाळीत शिकता येतं. सोडायला मात्र हिशेब लागतो, आणि पहिल्या शर्यतीच्या दोन तासांच्या बैठकीत त्याला एक मिनिटही दिलेलं नव्हतं.

गाडी शर्यतीचा रस्ता ओलांडून पलीकडे जाणार की त्याच रस्त्याला लागणार, हा पहिला प्रश्न. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला पूर्ण पलीकडे जायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. मागचा गट दोन मिनिटांपेक्षा लांब असेल तर तो ओलांडू शकतो. रस्त्याला लागणार असेल तर गणित बदलतं. त्या गावरस्त्यापासून कारखान्याचं वळण दोन किलोमीटर. ट्रॅक्टरला आठ मिनिटं, घोळक्याला तीन. म्हणजे मागचा गट किमान पाच मिनिटं लांब हवा, आणि एक मिनिट राखीव धरून सहा. सहा मिनिटं नसतील तर हिरव्या झेंड्यापर्यंत थांबायचं. चारचाकी तर दोन गटांच्या मध्ये शर्यतीच्या दिशेने सोडायचीच नाही. ती पुढच्या गटाला गाठते आणि मागच्याच्या वाटेत अडकते.

पण मागचा गट किती लांब आहे, हे फाट्यावरच्या माणसाला कळायचं कसं? पहिल्या वेळी व्हॉट्सॲपचा गट होता. निरोप पोचायचे, पण वाचायला कुणाला सवड नव्हती. आता प्रत्येक गटाच्या मागे एक मोटरसायकल असते आणि तिच्यावर मागे बसलेल्याच्या हातात शाळेची काळी पाटी. पाटीवर खडूने दोनच गोष्टी: मागे अजून किती गट आणि त्यातला पहिला किती मिनिटांनी येणार. पाटीवर काहीतरी लिहिलेलं आहे म्हणजे शर्यत अजून संपलेली नाही, हे झोपेतही कळतं. ही वेळ मोजायला प्रत्येक तीन किलोमीटरवरचा मार्शल गट गेल्याची वेळ वहीत लिहितो आणि साखळीतल्या पुढच्याला फोन करतो. रेंज जाणाऱ्या जागा आधीच फिरून पाहिल्या. तिथे परवानामुक्त पट्ट्यातले वॉकीटॉकी दिले. उभ्या उसात त्यांचा आवाज लवकर विरतो, म्हणून दोन संच एकमेकांना ऐकू येतात की नाही हे त्याच जागी तपासायचं, ऑफिसच्या गच्चीवर नाही.

हा तक्ता डोक्यात बसवायला तालमीच्या अंगणात फक्कीने रस्ता आखला. वीस मीटर म्हणजे दोन किलोमीटर, सहा सेकंद म्हणजे एक मिनिट. एकजण घोळका होऊन साध्या चालीने चालतो, त्याला वीस मीटरला अठरा सेकंद लागतात. दुसरा ट्रॅक्टर होतो आणि पाऊल मोजत अठ्ठेचाळीस सेकंदांत तेच अंतर जातो. तिसरा फाट्यावर उभा राहून सोडायचं ठरवतो. पहिल्या फेरीत बहुतेक सगळे घाई करतात, आणि अंगणाच्या मध्यावर घोळक्याची ट्रॅक्टरला धडक बसते. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर माणूस आपोआप घड्याळाकडे बघायला लागतो. दोन तासांच्या भाषणाने जे होत नाही, ते या अर्ध्या तासात होतं. पावसाळ्यात हाच खेळ आत मॅटवर करावा, पण आखाड्याच्या मातीत बूट घालून नको.

दुसरं सत्र शनिवारी सकाळी साडेसात ते नऊ, प्रत्यक्ष फाट्यावर. कुणालाही थांबवायचं नाही, फक्त बघायचं, मोजायचं आणि ड्रायव्हरांना उद्याचं सांगायचं. शर्यतीच्या दिवशी सहाला हजेरी, पावणेसातला जागेवर. सूर्य सातनंतर उगवतो आणि नदीकाठी धुकं असतं, म्हणून सुरुवात सव्वासातच्या आधी नाही, धुकं न हटल्यास पुढे.

प्रत्येक जागेवरचं सामान: पट्ट्या चमकणारं जॅकेट, पिवळा झेंडा, शिट्टी, तीन शंकू, घड्याळ, वही, पाणी, आणि एक खराटा. खराट्याची थट्टा होते, पण कांड्या आणि पाचट झाडणं हे मार्शलचं रोजचं पहिलं काम आहे, आणि प्रत्येक ट्रॅक्टर गेल्यावर पुन्हा. झाडताना दुसऱ्याने वाहतुकीकडे तोंड करून उभं राहायचं. एकटा मार्शल असेल तर झाडायचं नाही.

परतीच्या वाटेवरच्या जागा सूर्यामुळे बदलल्या. सायकलपटूला तिथे मार्शलची नुसती काळी आकृती दिसते, पिवळा रंग दिसत नाही. म्हणून धोक्याच्या साठ मीटर आधी, डाव्या कडेला झाडाच्या सावलीत उभं राहायचं आणि झेंड्याबरोबर शिट्टी सतत वाजवायची. आयोजकांनीही एक कडक नियम केला: वळणावर आघाडीपेक्षा सहा मिनिटांहून जास्त मागे असलेल्याचा नंबर काढून घेतला जातो आणि तो साध्या सायकलस्वारासारखा डाव्या कडेने परततो. तिथपर्यंत ताशी ३१-३२ किलोमीटर राखावे लागतात. नव्या मुलांना हे कडू वाटतं, पण त्यामुळे फाट्यावरच्या थांबण्याला हद्द येते.

पुढच्या हंगामात याच मार्गावर पुन्हा शर्यत झाली. त्या गावरस्त्यावर दोघे होते, एक गावचा. आघाडी गेली, पाटीवर 'अजून ३, पुढचा २ मिनिटं' असं होतं. ट्रॅक्टरवाला वैतागला, गावच्या पोराने त्याला नावाने हाक मारून खाली उतरवलं आणि पाणी दिलं. हिरवा झेंडा गेल्यावर तो सुटला. एकूण थांबणं अकरा मिनिटं. सांगितली होती दहा, आणि त्या एका मिनिटाबद्दल मार्शलने त्याची माफी मागितली.

दुधाच्या मोटरसायकलींचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्या पाणंदीतून, अंगणातून, कुठूनही येतात. प्रत्येक तोंडावर माणूस उभा करणं शक्य नाही आणि संकलनाची वेळ चुकली तर दूध परत येतं. त्यामुळे इथे सायकलपटूंना बांधून घेतलं आहे: मधली रेषा ओलांडली की शर्यतीतून बाद, मग समोर रस्ता कितीही मोकळा दिसो. हे बघायला प्रत्येक गटाच्या मागच्या मोटरसायकलवर, पाटी धरणाऱ्याच्या हातात आता एक वही असते.